फी थकली तरी फाइल अडवता येत नाही

वकिलाविरुद्ध पक्षकार काय करू शकतो, यावरचा हा लेख उपयोगी आहे, पण त्यातलं 'मे 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर वकिलाविरुद्ध पक्षकाराला दादच उरली नाही' हे वाक्य पटलं नाही. त्या निकालाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर काढली, एवढंच. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 चं कलम 35, म्हणजे वकिलाच्या गैरवर्तनावर कारवाईचं कलम, जागच्या जागी आहे. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करता येते. शिक्षा म्हणजे ताकीद, निलंबन, फारच गंभीर असेल तर सनद (वकिलीचा परवाना) रद्द. शिस्तपालन समितीने वर्षभरात प्रकरण निकाली काढलं नाही, तर ते बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. नुकसानभरपाई हवी असेल तर मात्र दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि तो सोपा नसतो. नुसता खटला हरला म्हणून वकील दोषी ठरत नाही.

माझ्या मामांच्या वाटपाच्या दाव्यात वकीलसाहेब दर वेळी "पुढची तारीख पडली" एवढंच सांगायचे. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, पाहिला, तर तारखेमागून तारीख 'प्रतिवादीचे वकील गैरहजर', म्हणजे मामांचेच वकील. वकील बदलायचा म्हटलं, तर म्हणे आधी उरलेली फी, मग फाइल. मामा घाबरून गप्प बसले. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवणं हे गैरवर्तन आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच स्पष्ट केलंय. हे गावोगावच्या पक्षकारांना कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं. मूळ खरेदीखत, सातबारा देताना पोच घ्या, फीची पावती मागा. मागायला संकोचू नका.