‘वरचे सातशे किलो जवळजवळ फुकट’ : पिकअपवाल्या दादांना उत्तर

दादा, तुम्ही नाव दिलं नाही, नुसतं ‘एक पिकअपवाला’ असं लिहिलंय. तेव्हा दादा म्हटलेलं चालवून घ्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपला 1.3 टनाची (म्हणजे तेवढा माल न्यायचं पासिंग, आरटीओची परवानगी, असलेली) पिकअप का घेतली आणि 2 टनाची का घेतली नाही, ते मी मागच्या लेखात मांडलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : “मास्तर, हिशेब कागदावर झकास आहे. दीड लाख जास्त टाकले की 700 किलो जास्त मिळतात, म्हणजे वरचा किलो 214 रुपयांना पडला. तुम्ही खालचा किलो 730 ला घेतला आणि शहाणपण आम्हाला शिकवताय. शिवाय कोल्हापुरात पासिंगएवढंच भरतंय कोण? आणि गाडी ओढते किती, यावर एक अक्षर नाही. माझा मित्र पिकअपला ट्रॉली लावून फिरतोय.”

मी मास्तर नाही, वर्कशॉपची वही लिहितो. पण तुमची प्रतिक्रिया वाचून चिडलो, हे खरं. चिडून तुम्हाला खोटं पाडायला म्हणून काटा पावत्यांची, म्हणजे वजनकाट्यावर मिळणाऱ्या पावत्यांची, फाईल काढली आणि त्या फाईलनं मलाच तोंडावर पाडलं. ते कसं, ते सांगतो. पण तुमचं सगळंच बरोबर निघालं असं समजू नका.

आधी तुमचे 214 रुपये. भागाकार चोख आहे. साडेनऊ लाखांची 1.3 टनी आणि अकरा लाखांची 2 टनी असे गोल आकडे मीच धरले होते. त्या आकड्यांनी पहिला किलो 730 ला आणि वरचे 700 किलो प्रत्येकी 214 ला पडतात. पण दादा, किलो काही शोरूममध्ये वापरला जात नाही. शंभर फेऱ्यांतल्या नव्वद फेऱ्यांना वरचे 700 किलो रिकामेच हिंडणार असतील, तर ते 214 ला काय आणि 14 ला काय, महागच. लक्ष्मीपुरीत तांदूळ स्वस्त मिळाला म्हणून दोन माणसांच्या घरात कोणी दहा पोती आणून टाकत नाही.

म्हणून मी हिशेब वेगळा धरला होता. मोठ्या गाडीचा महिन्याचा जादा खर्च किती आणि लहान गाडीला मारावी लागणारी एक जादा फेरी केवढ्याला पडते, एवढंच बघायचं. दीड लाखाचं जादा कर्ज, पाच वर्षं, दहा टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण 3,190 रुपयांनी वाढतो. महिन्याला आमची गाडी 1,800 किलोमीटर पळते. लहान गाडीचं अॅव्हरेज 14 आणि मोठीचं साडेबारा धरलं, तर पंधरा-साडेपंधरा लिटर डिझेल जास्त जातं. नव्वदच्या भावानं ते 1,400 रुपये. म्हणजे मोठी गाडी महिन्याला 4,600 रुपये जास्त खाते, माल असो नसो. पुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर येऊन गाड्या उभ्या राहतात, तेव्हाही हप्ता उभा राहत नाही. 2019 आणि 2021 साली हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

आता जादा फेरी. आमचं जड काम बहुतेक कागल एमआयडीसीचं. बिडाची कास्टिंगं आणायची, मशिनिंग करून परत पोचवायची. जाऊन-येऊन 40 किलोमीटर, डिझेल 260, ड्रायव्हर-क्लीनरचा अर्धा दिवस 350, टायर-ऑइलची झीज धरून सगळी मिळून 700 रुपये. 4,600 भागिले 700, म्हणजे साडेसहा. महिन्यात सात किंवा जास्त फेऱ्यांना माल लहान गाडीत मावत नसेल तर मोठी घ्यावी, नाहीतर लहानच बरी. नोव्हेंबर ते जानेवारी अशा तीन महिन्यांत आमच्या 73 फेऱ्या झाल्या, त्यातल्या 1,300 किलोच्या वर फक्त 11. महिन्याला चारही नाहीत. म्हणून मी छाती काढून लिहिलं होतं की लहान घेतली तेच शहाणपणाचं.

पाणी मुरलं ते त्या 1,300 मध्ये.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी गाडी काट्यावर रिकामी चढवली. घेतल्यापासून एकदाही रिकामी तोलली नव्हती, कारण काट्यावर आपण जातो ते माल मोजायला. टाकी भरलेली, ड्रायव्हर-क्लीनर आत बसलेले, हौद्यावरची (मागच्या माल भरायच्या भागावरची) जाळी, वरचं कॅरियर, ताडपत्री, दोर, जॅक आणि क्लीनरनं सीटमागे कोंबलेला संसार. भरलं 1,880 किलो. आरसी बुकात गाडीचं मालासकट एकूण वजन 2,990. वजाबाकी करा : 1,110. पत्रकातल्या 1,300 मधले 190 किलो माल चढायच्या आधीच गेले होते. नुसतं साठ लिटर डिझेलच पन्नास किलो होतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वहीत धरणं वेगळं.

मग पावत्या परत मोजल्या. 1,110 च्या वरच्या फेऱ्या निघाल्या 26. महिन्याला पावणेनऊ. माझ्याच साडेसहाच्या रेषेच्या वर. म्हणजे माझ्याच सूत्रानं आमच्या वर्कशॉपला मोठी गाडी घ्यायला हवी होती. त्यात आम्ही जीएसटी भरणारे. मालवाहू गाडीवरच्या कराचं क्रेडिट आम्हाला मिळतं, म्हणजे तो आमच्या भरायच्या जीएसटीतून वळता होतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो करही 28 चा 18 टक्के झालाय. ते धरलं तर दोन गाड्यांतला फरक आणखी आखडतो, म्हणजे पारडं अजून तुमच्याच बाजूला झुकतं. मागच्या लेखातला आकडा खोडून नवा घातलाय आणि खोडलेला दिसेल असा ठेवलाय.

पण त्या 26 मधल्या 15 फेऱ्या 1,110 आणि 1,300 च्या मधल्या होत्या. म्हणजे ‘पासिंगच्या आत’ असं स्वतःला सांगत मी पंधरा वेळा गाडी ओव्हरलोड पळवली. आणि इथं तुमच्या दुसऱ्या वाक्याशी माझं भांडण आहे.

‘पासिंगएवढंच कोण भरतंय’ ही गोष्ट खरी असेल, पण मग तुमचा पहिला मुद्दा तुम्हीच मारलात. 1.3 च्या गाडीत दोन टन घालायचेच असतील तर दीड लाख जास्त टाकून दोन टनी घेता कशाला? तुम्ही ती घेतली, कारण आत कुठंतरी तुम्हालाही ठाऊक आहे की जादा वजनाचे पैसे कोणीतरी देतंच. पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. नाही पकडलं तर बेअरिंग देतं, क्लच प्लेट देते, टायर देतो. टायरच्या बाजूवर मापाशेजारी एक आकडा असतो, तो एकदा वाचा. 100 असेल तर तो टायर 800 किलो पेलतो, मागचे दोन मिळून 1,600. त्यात गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजनही आलंच.

‘आम्ही पाटा (चाकांवरची पट्ट्यांची स्प्रिंग) वाढवून घेतो’ असं आता म्हणाल. पाटा वाढवला की गाडी मागं बसायची थांबते, एवढंच होतं. ब्रेक तेवढेच राहतात, एक्सलही तोच. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा आंब्याहून साखरप्याकडं जाताना वजन जितकं जास्त तितकीच उष्णता ब्रेकमध्ये जास्त साठते, आणि तापलेला ब्रेक पायाखाली मऊ लागतो. ज्यानं तो अनुभव एकदा घेतलाय तो घाटमाथ्यावरच दुसरा गिअर टाकतो आणि मागच्या गाडीचा हॉर्न कितीही वाजो, तिसरा टाकत नाही.

राहिलं ओढणं. यावर मी लिहिलं नव्हतं, कारण आपल्याकडच्या पिकअपच्या किमतीत त्याचा हिशेब सहसा नसतोच. टाटाची योद्धा 2.0 घ्या नाहीतर महिंद्राच्या बोलेरो मॅक्सची 2 टनी, दोन्ही विकल्या जातात त्या हौद्यात किती मावतं यावर. ऑस्ट्रेलियात टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची डी-मॅक्स पिकअप 3,500 किलो ओढते अशी जाहिरात तुम्ही मोबाइलवर बघितली असणार. तो आकडा स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आहे. बिनब्रेकच्या ट्रेलरला त्याच गाड्यांची मर्यादा 750 किलो. आणि त्या जातीची गाडी आपल्याकडं आपल्या पिकअपच्या तिप्पट किमतीच्या घरात जाते. कागलची कास्टिंगं वाहून ते पैसे कधी फिटायचे?

गळीत हंगामात ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं जातो, ते बघून वाटतं की ओढणं म्हणजे इंजिनाची ताकद. त्यात ताकदीपेक्षा गिअरचा आणि मागच्या चाकांवरच्या वजनाचा वाटा मोठा असतो, आणि तो चालतो बैलगाडीला जरा मागं टाकेल इतक्याच वेगानं. आपल्या पिकअपचीही मागचीच चाकं ओढतात. हौदा रिकामा ठेवून मागं ट्रॉली लावली तर ओल्या चढावर ती चाकं नुसती फिरतात. हौदा भरून लावली तर ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर बसतो, तो तुमच्या पेलोडमधूनच, म्हणजे गाडीत भरायच्या वजनातूनच, कापला जातो. हजार किलोच्या ट्रॉलीला शंभर किलो. वर ट्रॉलीचं वेगळं पासिंग, वेगळा नंबर, वेगळा विमा. बंद पडलेला टेम्पो दोरानं गॅरेजपर्यंत ओढून न्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, ते पुण्याचं काम आहे आणि आम्हीही करतो.

गुळाचं किंवा दुधाचं काम असेल तर माझे आकडे तसेच्या तसे उचलू नका. 40 लिटरचा दुधाचा कॅन भरल्यावर कॅनसकट पन्नास किलोच्या आसपास जातो. हौद्यात कॅन उभे करायची जागा आधी संपते की वजन आधी संपतं, ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही. बिडाचं तसं नाही. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि पाटे सरळ झालेले असतात. भाजीवाल्याला लांब हौदा लागतो, त्याला दोन टन घेऊन काय करायचंय?

तेव्हा दादा, तुमच्या तीन महिन्यांच्या काटा पावत्या असतील तर इथंच खाली नुसते आकडे टाका, पार्टीचं नाव नको. गाडीही एकदा रिकामी, टाकी भरून, दोन माणसांसकट तोला आणि तोही आकडा द्या. साडेसहाची रेषा तुमची वेगळी येईल, कारण तुमचा हप्ता आणि फेरी वेगळी. मी मांडून देतो.

आणि तुमच्या त्या मित्राला विचारून ठेवा, ट्रॉलीला ब्रेक आहेत का.