सगळं दिसतं, पुरळ सोडून

इंदूरच्या एका स्किन क्लिनिकात ऑनलाइन ओपीडी सांभाळणं हे माझं काम. सांभाळणं म्हणजे मॅडम पेशंट बघतात पाच-सात मिनिटं, आणि तो पेशंट मॅडमना दिसावा यासाठी आधी जो काही खटाटोप लागतो तो सगळा माझ्याकडे. पद कोऑर्डिनेटरचं आहे पण माझं दिवसभरातलं बोलणं ऐकलंत तर लग्नातला व्हिडिओवाला वाटेन, काकू जरा खिडकीकडे सरका, अजून, हां, आता कोपर वर, बल्ब बंद करा, अहो बल्ब म्हटलं, कॉल नाही.

टेलिमेडिसिनची सरकारी नियमावली आली २५ मार्च २०२० ला. तारीख पाठ असायचं कारण त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि लॉकडाऊनचा पहिला दिवस. साडेतीन मुहूर्तांपैकी एका मुहूर्तावर मागे लागलेली गोष्ट आता सुटायची नाही हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. नियम तसे बरे आहेत. पेशंटचं नाव-वय-पत्ता विचारून खात्री करायची, डॉक्टरांनी आपली ओळख द्यायची, प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर हवा, पेशंट लहान असेल तर सोबत मोठं माणूस हवं. फक्त नियम करणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नसावं की आपल्याकडे पेशंट पन्नाशीचा असला तरी सोबत चार मोठी माणसं असतातच. खंडव्याच्या एक ताई हाताची खाज दाखवायला बसल्या तर मागून सासूबाई, दीर, शेजारच्या भाभी, सगळे फ्रेममध्ये, आणि प्रत्येकाचं स्वतःचं निदान तयार. ताईंचं संपतंय तोवर सासूबाई म्हणतात, आता फोन लागलाच आहे तर माझी टाच पण बघून घ्या ना. आजी, टाचेची वेगळी अपॉइंटमेंट लागते, वेगळं रेकॉर्ड ठेवावं लागतं. तर म्हणे, अगं एकाच घरातली टाच आहे!

व्हिडिओ कॉल आला की फोन कानाला लावायचा ही आपल्या एका आख्ख्या पिढीची सवय आहे, ती जाणार नाही. सुदामानगरच्या एका आजोबांच्या पायावर चट्टा होता आणि मॅडमना सगळा वेळ त्यांचा कान दिसत होता. मी ओरडतेय, आजोबा, फोन समोर धरा. ते म्हणतात, हो हो, ऐकू येतंय. शेवटी मॅडमनी कानामागची लाली आणि कोंडा बघून त्याचंच औषध लिहून दिलं, पायासाठी नातवाला घेऊन बसा म्हणाल्या. आजोबा खूश. आता ते ओळखीत सगळ्यांना सांगतात की या डॉक्टरीणबाईंना न दाखवता कळतं.

तरुण मंडळी फोन बरोबर धरतात, त्यांचा घोटाळा निराळा. कॉलेजमधली पोरगी पिंपल्ससाठी कॉल करते आणि स्क्रीनवर चेहरा असा की जाहिरातीत घ्यावा. मॅडम गोंधळात, पोरगी रडकुंडीला, आणि कारण काय तर फोनमधलं ब्यूटी फिल्टर चालू. जो आजार दाखवायचा तोच फोन पुसून टाकतोय. म्हणून आता कॉलच्या आधी मी मेसेज टाकते, फिल्टर बंद, दिवसाचा उजेड, कारण पिवळ्या बल्बखाली लाली कळत नाही, एक फोटो लांबून, एक जवळून, आणि आकार समजावा म्हणून चट्ट्याशेजारी पाच रुपयाचं नाणं ठेवा. मेसेज साधा आहे की नाही? तरी एका भाऊंनी नाणं बरोब्बर चट्ट्यावर ठेवून फोटो पाठवला. नाणं इतकं स्पष्ट की त्यावरचं साल वाचता येत होतं.

आणि हे फोटो कुणाचे ते विचारू नका. रात्री उशिरा अनोळखी नंबरवरून एक गुडघा येतो. नाव नाही, गाव नाही, खाली फक्त 'क्या है ये'. सकाळी त्याच नंबरवरून गुलाबाचं फूल आणि सुप्रभात.

सकाळच्या स्लॉटचं तर बोलायलाच नको. पेशंट शर्ट काढून पाठ दाखवतोय, मॅडम आत्ता कुठे नीट बघतायत, आणि बाहेर कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं की पाठ गायब. फोन पलंगावर, आम्ही दोघी पंखा बघतोय. हे स्वच्छतेत २०१७ पासून नंबर काढणारं शहर आहे, इथे ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकण्यापुढे कुठलाही आजार मोठा नाही. मला त्याचं कौतुकच आहे, पण निदान शर्ट तरी घालून जा.

मॅडमना राग येतो तो फक्त ट्यूबचा. मेडिकलवाल्यानं दिलेली स्टेरॉइड मिसळलेली क्रीम, जी गजकर्णावर लावली की दोन दिवस खाज थांबते आणि आत बुरशी मस्त पसरत राहते, वर चट्ट्याचं रूपच असं बदलतं की समोर बसलेल्या पेशंटचंही ओळखू येत नाही, मग स्क्रीनवर काय कळणार, कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. कॅलामाइन, क्लोट्रिमाझोल असलं साधं काही व्हिडिओवर पहिल्याच भेटीत लिहिता येतं, पण ट्यूब दिसली की मॅडम क्लिनिकलाच या म्हणतात. फिकट, बधिर चट्टा असेल तर मात्र चर्चाच नाही. धारच्या एका मुलानं सहज म्हटलं की इथे टोचलं तरी कळत नाही, तर मॅडमनी तिथेच कॉल थांबवून त्याला दुसऱ्याच दिवशी बोलावलं, कारण कुष्ठरोगाची शंका असेल तर हात लावून संवेदना तपासावीच लागते. तो आला, औषध चालू आहे, आता फॉलोअप तेवढे फोनवर.

फॉलोअपवरून पण भांडणं. त्याच त्रासासाठी सहा महिन्यांच्या आत आलात तर फॉलोअप, नाहीतर पहिली भेट धरायची असा नियम. हे मी रामबागेतल्या एका काकांना सांगितलं तर ते उसळले, मी नवीन पेशंट? अगं, तुझ्या आधीची रिसेप्शनिस्ट माझ्या ओळखीची होती! पुढे फीचं सांगायची माझी हिंमत झाली नाही. फी समोरासमोरच्या भेटीइतकी घेता येते, पावतीही मिळते, पण हात न लावता पैसे कसले हा प्रश्न काही सुटत नाही.

आमचा सगळ्यात अवघड दिवस रंगपंचमीचा दुसरा. इंदुरात होळीपेक्षा रंगपंचमी मोठी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, अख्खं शहर रंगात, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं शहर माझ्या फोनवर. गेल्या वेळी एक भिया, म्हणजे आमचे इंदुरी भैया, कॉलवर आले, चेहरा अर्धा हिरवा, अर्धा जांभळा, कान गुलाबी. म्हणे लाल चट्टे उठलेत. कुठे? ये क्या, हिरव्याच्या खाली. मॅडमनी कॅमेऱ्यात खूप बघितलं, म्हणाल्या, घासू नका, खोबरेल लावून हळूहळू रंग काढा आणि क्लिनिकला येऊनच दाखवा. आले बिचारे दुपारी. वेटिंगमध्ये मी नाव पुकारतेय, कुणी उठेना, आणि टेबलावरचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. भिया खाली पार्किंगमध्ये, गाडीच्या आरशाजवळ चेहरा नेऊन विचारतायत, "मॅडम, इधर लाइट अच्छी है, यहीं से दिखा दूँ?"