मल्टिटूल आणि आर्म्स ॲक्ट: एक खुलासा

‘खिशात मल्टिटूल (चाकू, पक्कड वगैरे एकत्र असलेलं घडीचं अवजार) सापडलं की थेट आर्म्स ॲक्ट’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. तसं नाही. या कायद्याखालच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीची, कारखान्याची अवजारं त्यातूनही वगळलेली आहेत. माझ्या मल्टिटूलचं पातं जेमतेम अडीच इंच, तेही कुरिअरची चिकटपट्टी कापून बोथट झालेलं. (पक्कड मात्र रोज लागते, गॅलरीतल्या नळाची कृपा!)

मेसेजमधलं ‘६ सेंटीमीटरपर्यंतचं पातं विमानात चालतं’ हे युरोपातलं. आपल्याकडे केबिन बॅगेत चाकू नाहीच, चेक-इनमध्ये टाका. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगण्यावर मनाई आदेश असेल, तर घरीच ठेवा.