रेडिओला वॉशर

"कुठल्या नळाला पाहिजे?" हार्डवेअरवाल्याने विचारलं.

"नळाला नाही, रेडिओला."

त्याने हातातला पान्हा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "हा काळा रबरी घेऊन जा. पाच वर्षं गळणार नाही."

"गळला तरी चालेल, पण नायलॉनचा हवा."

"गळला तर चालणार असेल, तर वॉशर घेताच कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्यामागे दोन प्लंबर उभे होते, तेही उत्तराची वाट बघत होते. त्यांना काय सांगणार? हैदराबादच्या अशर फरहान यांनी हौशी रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे छंद म्हणून बिनतारी गप्पा मारणाऱ्यांसाठी, बिटएक्स नावाचं सर्किट काढलं. त्यातले भाग कुठल्याही गावात मिळावेत, असा त्यांचा कटाक्ष. कॉइल गुंडाळायला परदेशी टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गाभा, कुठून आणणार, म्हणून चक्क नळाचा वॉशर. वाचलं तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. रांगेत उभं राहून सांगायची वेळ आली, तेव्हा जीभ रेटेना. "शाळेचा प्रोजेक्ट आहे, मुलीचा," म्हणालो आणि सहा वॉशर घेऊन सटकलो. मला मुलगी नाही.

बाकीचं सामान तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, मिळालं. तिथे कुणी काही विचारत नाही. तुम्ही दहा मेगाहर्ट्झचे वीस क्रिस्टल (ठरावीक फ्रिक्वेन्सीला थरथरणारे स्फटिक) मागा, दुकानदार शेंगदाणे मोजावेत तसे मोजून पुडी बांधतो. वीसच्या वीस सारखे असतील असं समजू नये. एकेक तपासून त्यातले जुळणारे चार-पाच निवडायचे. उरलेले डब्यात ठेवायचे आणि "लागतील कधीतरी" म्हणायचं. माझ्याकडे असे सात डबे आहेत. तांब्याची इनॅमल तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर आणली.

केसासारखी बारीक तार इवल्याशा वॉशरच्या भोकातून ओवायची, ओढायची, मोजायची. श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. चौतिसावा वेढा घालत होतो, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "अहो, किती झाल्या?"

"चौतीस!"

स्वयंपाकघरात शांतता पसरली. मग तिने धावत जाऊन गॅस बंद केल्याचा आवाज आला. तिने कुकरच्या शिट्ट्या विचारल्या होत्या. वरणाचं काय झालं ते जाऊ द्या, माझा आकडा विसरला आणि पहिला वॉशर बाद झाला. दुसऱ्याची तार तुटली. तिसऱ्याला सोल्डरिंग आयर्न लागलं आणि नायलॉन वितळलं.

या छंदातल्या लोकांत एक जुनं रडगाणं आहे: अॅम्प्लिफायर बांधला की तो ऑसिलेट होतो (म्हणजे आपणहून लहरी काढायला लागतो) आणि ऑसिलेटर बांधला की तो होत नाही. माझा ऑसिलेटर झाला, पण जागेवर राहीना. सात मेगाहर्ट्झवर कुणाचा तरी आवाज पकडावा, तर दोन मिनिटांत तो बदकासारखा क्वॅक-क्वॅक करायला लागायचा. एसएसबीचं, म्हणजे हौशी रेडिओवाले आवाज पाठवायला जी पद्धत वापरतात तिचं, असंच असतं. फ्रिक्वेन्सी काहीशे हर्ट्झ सरकली तरी माणसाचं बदक होतं. आई दारातून ऐकून म्हणाली, "बिचाऱ्याला पडसं झालंय वाटतं."

दोन रात्री जागून कारण सापडलं: डोक्यावरचा पंखा. वारा लागला की कॉइल गार होते, बंद केला की तापते, आणि गार-गरम झाली की ऑसिलेटर चालायला लागतो, म्हणजे पायी चालायला. वेढे हलू नयेत म्हणून मी बायकोची नेलपॉलिश अर्धी बाटली ओतली. (रंग गुलबक्षी. हा उल्लेख घरात पुढे बऱ्याच वेळा झाला.) तरी भागेना, म्हणून मे महिन्यात, पुण्यात, पंखा बंद करून उघड्या अंगाने बसलो. घाम सर्किटवर पडू नये म्हणून कपाळाला पंचा. आईने एकदा डोकावून अंगारा लावायचा का विचारलं.

आणि एका रविवारी सकाळी आवाज स्थिर झाला. अगदी लख्ख. मी सगळ्यांना हाका मारल्या. आई आली, बायको कणकेच्या हातांनी आली. शेकडो किलोमीटरवरून, गच्चीवर ताणलेल्या वीस मीटर तारेवर उतरून, माझ्या हातच्या सर्किटमधून एक आजोबा दुसऱ्या आजोबांना सांगत होते, "तेल लावून काही उपयोग नाही हो, गुडघा वाकतच नाही. ओव्हर."

"हे आपल्या जिन्यात रोज ऐकू येतं," बायको म्हणाली. "आणि ते पंखा लावून ऐकता येतं."

आई मात्र थांबली. कुठलं तेल लावतात ते तिला ऐकायचं होतं.

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. मी खण उघडला. सहाही वॉशरांची वासलात लागली होती: तीन बाद, तीन गुलबक्षी होऊन रेडिओत. परत त्याच दुकानात जावं लागलं. मला बघताच त्याने वरच्या फळीवरचा नायलॉनचा डबा काढला.

"काय साहेब," तो म्हणाला, "रेडिओ गळतोय?"