पापणी, एरंडेल आणि विमा

आमची मोठी आई तुरीची डाळ निवडायला बसली, की उजवी पापणी कपाळाकडे ओढून तिच्यावर चिकटपट्टी लावते, कारण एरवी पापणी बाहुलीवर उतरते आणि सुपातला खडा दिसत नाही. दारव्ह्याच्या नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचवली आणि ती तयारही झाली होती. तेवढ्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावरून तिच्यापर्यंत एक संदेश पोहोचला. पापणी लोंबणे हे वयाचेच लक्षण आहे, एरंडेल चोळल्यास ती वर येते, शस्त्रक्रिया हे सौंदर्याचे चोचले असून विमा छदामही देत नाही आणि लहान मुलांचे अठरा वर्षांपर्यंत काहीच करू नये, असे त्यात ठासून लिहिले आहे. “मंग कायले पैसे घालवता?” एवढे बोलून मोठ्या आईने विषय संपवला.

पापणी उचलणाऱ्या स्नायूचा सैल पडलेला कंडरा वरून तेल लावल्याने घट्ट होत नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे गेलो असतो. परंतु हा सल्ला आपल्या भागात जिवावर बेतू शकतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली, तर दंशाची खूण किंवा सूज पुष्कळदा दिसतच नाही. पोट दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. अशा पहाटे एरंडेलाची बाटली शोधत बसणाऱ्या घराने प्रतिविषाची आणि कृत्रिम श्वासाची वेळ गमावलेली असते. एका डोळ्याची पापणी अचानक पडली, बाहुली मोठी झाली आणि डोके असह्य दुखू लागले, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आल्याची शक्यता असते. सकाळी बरी असणारी पापणी संध्याकाळी उतरत असेल, तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची, तपासणी आधी करावी लागते. त्यावर पहिला उपाय गोळ्यांचा आहे.

विम्याबाबत संदेशात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. केवळ रूप बदलण्यासाठी पापणीची कातडी काढून घेतली, तर विमा पैसे देत नाही. मात्र विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवर्जनांतील, म्हणजे विमा ज्यांचे पैसे देत नाही अशा बाबींच्या यादीतील, आठवे कलम तिथेच थांबत नाही: अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी आवश्यक असलेले व उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित केलेले उपचार या मनाईतून वगळलेले आहेत. ‘तातडीचा’ या शब्दावर बोट ठेवून कंपनी नकार देऊ शकते, हे खरे. पण झाकलेली दृष्टी मोकळी करणे म्हणजे रूप बदलणे नव्हे, हे कागदावर दाखवता येते. त्यासाठी छायाचित्रे, पापणी सुटी ठेवून आणि वर धरून केलेली दृष्टिक्षेत्र चाचणी आणि डॉक्टरांचे पत्र शस्त्रक्रियेपूर्वीच जमवावे लागते. जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आणि जन्मजात बाह्य दोषाची अट मात्र पॉलिसीत वाचूनच घ्यावी.

मुलांविषयीचा मुद्दा तर निव्वळ चूक आहे. सौम्य दोषात डॉक्टर वाट पाहू शकतात. पण पापणीने बाहुली झाकली, तर त्या डोळ्याने पाहायला मेंदू शिकतच नाही आणि अठराव्या वर्षी पापणी उचलूनही ती नजर सहसा परत येत नाही. हनुवटी वर करून फळा वाचणारे मूल दिसले, तर शाळेत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ते दाखवावे.

मोठ्या आईची चिकटपट्टी काढून समोरून आणि बाजूने छायाचित्रे घेतली आहेत. चुलतभावाच्या कुटुंब-विम्यात तिचे नाव आहे. पूर्वमंजुरीचा अर्ज सोमवारी जाईल.