बँजो, तंबू आणि दुसरी साडी

गेल्या आठवड्यात ऑफिसात नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं. दोन दिवस. बाहेरून बोलावलेले वक्ते होते आणि खोटं कशाला बोलू, माणूस छान बोलत होता. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, अर्धा वर्ग डुलक्या घेत असताना, पडद्यावर एक जुनी जाहिरात झळकली. धोक्याच्या सफरीसाठी माणसं हवीत, पगार तुटपुंजा, थंडी कडाक्याची, जिवंत परत याल याची हमी नाही, असा काहीसा मजकूर. अर्नेस्ट शॅकल्टन या ब्रिटिश दर्यावर्द्याने म्हणे अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी ती दिली आणि हजारो अर्ज आले. वर्ग जागा झाला. मागून कुणीतरी टाळीही वाजवली.

मी हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. कारण अशी जाहिरात छापून आल्याचा पुरावाच नाही. लोकांनी जुनी वर्तमानपत्रं पिंजून काढली, शोधून देणाऱ्याला बक्षीस लावून झालं, तरी मूळ जाहिरात आजवर कुणाला सापडलेली नाही. पण जेवणानंतरच्या सत्रात एवढ्या मुश्किलीने जागा झालेला वर्ग पुन्हा कशाला झोपवा, म्हणून गप्प बसले.

डोक्यातून मात्र ते जाईना. या माणसाच्या आयुष्यात सांगण्यासारखं इतकं खरं खरं घडलंय, आणि आपण उचललं काय, तर बहुधा न घडलेलं! थोरामोठ्यांकडून शिकताना आपलं बरेचदा असंच होतं. पडद्यावर मावतं ते आपण घेतो. त्यांनी सकाळी उठून कुणाला कोणतं काम दिलं, कुणाला कुठे झोपवलं, पिशवीत काय ठेवलं, हे सगळं मावत नाही म्हणून सुटतं. माझ्या मते शिकण्यासारखं असतं ते तिथेच.

शॅकल्टन मी वाचला तो एका वाईट वर्षी. चौदा महिने खपून आठ जणांनी उभं केलेलं काम वरून आलेल्या एका ईमेलने बंद झालं होतं. त्या आठ जणांची प्रमुख मी. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर आले, संगणक चालू करून बसले आणि कुणाकडेच करायला काही नव्हतं. ती शांतता अजून आठवते. कुणीतरी उगाच ड्रॉवर आवरत होतं.

तर शॅकल्टन. १९१४ मध्ये तो निघाला, अंटार्क्टिका खंड ओलांडायला. जानेवारी १९१५ मध्ये त्याचं 'एन्ड्युरन्स' जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं, ऑक्टोबरपर्यंत बर्फाच्या दाबाने पार पिचलं आणि नोव्हेंबरमध्ये बुडालं. अट्ठावीस माणसं, तीन होड्या आणि पायाखाली तरंगता बर्फ. ज्यासाठी आलो ते होणारच नाही, हे आता सगळ्यांना दिसत होतं.

जहाज सोडताना त्याने हुकूम काढला की प्रत्येकाने साधारण किलोभरच खासगी सामान घ्यायचं. स्वतःच्या खिशातली सोन्याची नाणी त्याने सगळ्यांदेखत बर्फावर टाकली. हे दृश्य सगळे सांगतात, कारण ते नाट्यमय आहे. मला अडवलं त्याच्या पुढच्या गोष्टीने. हसी नावाच्या हवामानतज्ज्ञाचा बँजो किलोभरापेक्षा कितीतरी जड होता. तो मात्र शॅकल्टनने आग्रहाने बरोबर घ्यायला लावला. पुढे रात्री काढायच्या आहेत, त्या कशाने काढायच्या याचा हिशेब त्याने आधीच केला होता.

मग झोपायच्या पिशव्या. अठरा ऊबदार कातड्याच्या, बाकीच्या लोकरीच्या, म्हणजे कमी ऊबेच्या. चिठ्ठ्या टाकल्या. आणि योगायोग बघा, शॅकल्टन, वाइल्ड, कप्तान वर्स्ली या वरच्या मंडळींना नेमक्या लोकरीच्याच निघाल्या! चिठ्ठ्यांत गडबड होती हे एका खलाशाने नंतर सांगितलंय. मी आयुष्यात बऱ्याच लबाड्या पाहिल्यात, पण स्वतःच्या तोट्याची लबाडी विरळाच.

तंबूंची वाटणी त्याहून बारीक. छायाचित्रकार हर्ली कामाला वाघ, पण मान मिळाला नाही की बिथरणारा. शॅकल्टनने त्याला स्वतःच्या तंबूत घेतला. दर बाबतीत त्याचं मत विचारायचा. कुरबूर करू शकणारा माणूस लांबच्या तंबूत गेला की तिथे त्याचा एक दरबार भरतो, हे त्याला ठाऊक असणार.

इथे मी पुस्तक मिटलं होतं. कारण आमच्या आठांतही एक जण होता. प्रत्येक गोष्टीत खुसपट काढणारा, बैठकीत खुर्ची मागे रेलून बसणारा. त्याला मी शिस्तीत कोपऱ्यात टाकलं होतं. निर्णय झाल्यावर कळवायचं, आधी नाही. आणि चहाच्या मशीनपाशी त्याचा दरबार भरायचा हे मला माहीत होतं. माहीत असून मी म्हणायचे, भरू दे.

आम्हाला नवीन काम मिळालं तेव्हा पहिला आराखडा मी त्याच्यापुढे ठेवला. इतर कुणीही बघायच्या आधी. त्याने वीस मिनिटांत चिंध्या केल्या. त्यातल्या निम्म्या चिंध्या निव्वळ खोडसाळपणा होता, पण दोन भोकं खरी होती, आणि ती राहिली असती तर दोन महिन्यांनी आम्ही तोंडावर पडलो असतो. तो गोड झाला का? अजिबात नाही. अजूनही खुर्ची रेलूनच बसतो. फक्त आता खुसपट माझ्यासमोर काढतो.

पिशव्यांचा धडाही गिरवला. नव्या कामाचे दोन भाग होते. एक झकास, डोकं चालवायचं. दुसरा म्हणजे जुन्या नोंदींचे रकाने जुळवणं, हजारो ओळी. पूर्वीची मी झकास भाग स्वतःकडे ठेवला असता आणि 'अनुभवाची गरज आहे' असं वर ऐकवलं असतं. या खेपेला रकाने मी घेतले. दीड महिना डोळे फुटेस्तोवर ओळी तपासल्या. कुणी कौतुक केलं नाही, एकीने तर महिन्याभरात राजीनामाही दिला. पण उरलेल्या सहा जणांतलं कुणी मला कधी 'तुम्हाला काय जातंय सांगायला' म्हणालं नाही. पूर्वी तोंडावर नाही तरी पाठीमागे म्हणायचे, तेही मला माहीत होतं.

आणखी एक प्रसंग. पुढे सगळे होड्यांतून एलिफंट बेटावर पोहोचले आणि तिथून शॅकल्टनसह सहा जण एका जेमतेम सात मीटरच्या होडीतून मदत आणायला निघाले. दक्षिण जॉर्जिया बेट, सुमारे ८०० मैल, तेही जगातल्या सर्वांत खवळलेल्या समुद्रातून. वर्स्लीने लिहून ठेवलंय की एखादा जास्तच कुडकुडताना दिसला की शॅकल्टन सगळ्यांसाठी गरम पेय करायला सांगायचा. सगळ्यांसाठी! आपल्यामुळे हे चाललंय असं त्या एकट्याला कळता कामा नये. आमच्याकडे एकाच्या घरी आजारपण चालू होतं आणि त्याचं काम रखडत होतं. मी 'आराखडा जरा घाईचाच होता' म्हणून सगळ्यांचीच मुदत आठवडाभर वाढवली. तो काही बोलला नाही. त्याला कळलं असावं असं मला वाटतं, पण विचारलं नाही.

आता हेही सांगायला हवं की हा माणूस देव नव्हता. 'त्याने एकही माणूस गमावला नाही' हे पडद्यावरचं दुसरं लाडकं वाक्य. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे, त्याच्यासाठी अन्नाचे साठे लावत होती. त्यातले तिघे मेले. साठे लागले, पण वापरायला कुणी आलंच नाही. आणि तो सुतार, मॅकनिश. त्याने होडीचे काठ उंच केले, वरून झाकण घातलं, म्हणून ती तरली. त्याने बर्फावर एकदा हुकूम मानायला नकार दिला होता. परतल्यावर बहुतेकांना पदकं मिळाली, मॅकनिशचं नाव शॅकल्टनने दिलंच नाही. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस तिथे छोटा झाला. मला हे वाचून राग आला आणि थोडं बरंही वाटलं. भिंतीवरच्या तसबिरीकडून काही शिकता येत नाही. चुकणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

चिवटपणाबद्दल बोलायचं तर मला आधी सावित्रीबाईच आठवतात. १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली आणि शाळेत जाताना त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जायचा, म्हणून त्या एक जादा साडी बरोबर ठेवायच्या, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. ऐकवतात ते सहनशीलतेची गोष्ट म्हणून. माझं लक्ष आता त्या साडीकडेच जातं. आज शेण पडलं तसं उद्याही पडणार, हे धरून चाललेल्या बाईची ती तयारी आहे. लोक बदलतील, मग शिकवीन, असं नाही. लोक असेच राहणार, तर मला वर्गात स्वच्छ उभं राहायला काय लागेल? एक साडी लागेल. चिवटपणा म्हणजे छातीत काहीतरी पेटलेलं असावं लागतं, असं मला वर्षानुवर्षं वाटायचं आणि माझ्या छातीत सोमवारी सकाळी काहीच पेटलेलं नसायचं. साडी घडी करून ठेवायला काही पेटावं लागत नाही.

'हार मानू नका' या उपदेशाची मात्र मला भीती वाटते. शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचं उदाहरण घ्या. १९८५ मध्ये हंगेरीतून अमेरिकेला निघताना मुलीच्या टेडी बेअरमध्ये पैसे शिवून नेले. एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवायची सूचना देणाऱ्या रेणूवर, काम करायचं म्हणून अनुदानाचे अर्ज करत राहिल्या, ते नाकारले जात राहिले, आणि १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. २००५ मध्ये सहकारी ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध आला, तेव्हाही फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मग कोविड, एमआरएनएच्या लशी आणि २०२३ चं नोबेल. ऐकताना अंगावर काटा येतो, मान्य. पण खालच्या पदावर येऊनही चिकटून राहिलेल्या आणि ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही अशा किती संशोधकांची नावं आपल्याला माहीत आहेत? त्यांची चरित्रं छापली जात नाहीत. त्यामुळे 'टिकून राहा, एक दिवस नोबेल मिळेल' हा धडा यातून काढणं म्हणजे लॉटरी लागलेल्याकडून गुंतवणूक शिकणं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की पद गेलं तेव्हा त्यांनी बघितलं, प्रयोगाचं टेबल शिल्लक आहे का? होतं. मग कामाला लागल्या. बक्षीस नसतं मिळालं तरी ती वर्षं त्यांना वाया गेल्यासारखी वाटली नसती, असा माझा अंदाज आहे.

उद्देशाबद्दल थोडक्यात, कारण या शब्दाचा मला कंटाळा आलाय. 'तुमच्या जगण्याचा उद्देश एका वाक्यात लिहा' असा कागद आम्हालाही वाटला होता. मी बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. केनियाच्या वांगारी मथाई यांना असा कागद मिळाला नव्हता. १९७०च्या दशकात केनियातल्या खेड्यापाड्यांतल्या बायका सांगत होत्या की सरपण मिळत नाही, पाणी चांगलं नाही, धड खायला नाही, हातात पैसा नाही. मथाई ऐकत होत्या. त्यांना सुचलं की मग झाडं लावूया. १९७७ मध्ये नैरोबीत पहिली सात झाडं लावली, त्यातली दोनच जगली. वनखात्यातली शिकलेली माणसं म्हणाली, झाडं लावायला पदविका लागते, या बायकांना काय जमणार? मग मथाईंनी नियम केला की पैसे मिळतील ते लावलेल्या रोपाचे नव्हे, जगलेल्या रोपाचे. या एका नियमात मला सगळं दिसतं. खड्डे खणून फोटो काढणारे खूप असतात, जगलेलं रोप मोजायला परत जायचं कुणी? पुढे झाडांची संख्या कोटींत गेली, २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. पण ती दोन झाडं जगली त्या वर्षी कुणी त्यांना 'प्रेरणादायी' म्हटलं असेल असं वाटत नाही.

पुन्हा शॅकल्टनच्या माणसांकडे येते, कारण माझा खरा आवडता माणूस तिथे राहिलाय. ती होडी निघून गेली तेव्हा बावीस जण एलिफंट बेटावर मागे उरले. दोन होड्या उलट्या करून त्यांखाली राहिले. त्यांचा प्रमुख फ्रँक वाइल्ड. शॅकल्टन पोहोचला की बुडाला, हे कळायचा मार्ग नव्हता. तरी वाइल्ड रोज सकाळी सगळ्यांना पिशव्या गुंडाळून बांधायला लावायचा. बॉस आज येईल, आवरून ठेवा. रोज! एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत. तीन जहाजांचे तीन प्रयत्न फसल्यावर चौथ्यांदा, ३० ऑगस्ट १९१६ ला, 'येल्चो' नावाचं चिलीचं छोटं जहाज दिसलं. शॅकल्टनने होडीतूनच ओरडून विचारलं, सगळे ठीक? वाइल्डने उत्तर दिलं, सगळे ठीक. तासाभरात सगळे जहाजावर होते. सामान बांधलेलंच होतं.

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रतिसादाचा अर्ज भरून घेतला. 'या दोन दिवसांत सर्वाधिक भावलेली व्यक्ती' असा रकाना होता. मी फ्रँक वाइल्ड लिहिलं. अर्ज गोळा करणाऱ्या मुलीने ते वाचलं, क्षणभर गोंधळली आणि अगदी अदबीने म्हणाली, "मॅडम, हे सर कितव्या सत्रात होते?"