पानिपत भाऊसाहेबांच्या हट्टापायी गेलं?

संक्रांत जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ हेकेखोर, त्यांनी गनिमी कावा सोडला, बायका-यात्रेकरूंचं लटांबर सोबत नेलं आणि ऐन वेळी हत्तीवरून उतरून पानिपत घालवलं. एका माणसाच्या माथी एवढं खापर फोडण्याआधी, अफगाण बादशहा अब्दालीशी जानेवारी १७६१ मध्ये झालेल्या त्या लढाईआधीचं १७६० साल नीट बघा.

आधी गनिमी कावा. तो करून पाहिला होता. १० जानेवारीला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्यानंतर मल्हारराव होळकर हुलकावण्या देत लढले आणि मार्चमध्ये गंगा-यमुनेमधल्या दोआबातल्या सिकंदराबादेजवळ अफगाणांनी त्यांनाच बेसावध गाठून फौज उधळली. भाऊ तेव्हा दक्षिणेतच होते. सह्याद्रीत कावा साधतो, कारण पाठीशी गड असतो, दाणावैरण देणारं गाव आपलं असतं. यमुनाकाठच्या सपाटीत यातलं काय होतं? उलट त्याच फेब्रुवारीत भाऊंनी उदगीरला निजामाला वाकवलं, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या. पानिपतावरही याच गारद्यांनी, म्हणजे कवायती पायदळाने, अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. मोडला तो गोल, म्हणजे तोफा-पायदळाच्या आडोशाने फळी न मोडता लढण्याची रचना. विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे घोडेस्वार गारद्यांच्या पुढे घुसले आणि त्यांच्याच माऱ्याच्या आड आले. आखलेली लढाई आपल्याच सरदारांना पेलली नाही, याचा दोष भाऊंच्या स्वभावाला कसा द्यायचा?

यात्रेकरू आणि कुटुंबांबद्दलचा आरोप मात्र रास्त आहे. ती माणसं नि जड सामान मागे ठेवा, असं भरतपूरचा राजा सूरजमल जाट सांगत होता. ते ऐकायला हवं होतं.

पण या मजकुरात भुकेचा उल्लेखही नसतो, याचा मला राग येतो. भाऊंकडे पैसा नव्हता. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून फौजेचा खर्च भागवावा लागला. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्यावर धान्य हाती आलं, तोच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. रसद-पैशाची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला नानासाहेब पेशवे पैठणला लग्न करत होते. कुमक वेळेवर न पोचण्याचा जाब त्यांना कोणी विचारत नाही.

आणि हट्टी म्हणावं, तर भाऊ अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौलामार्फत तहाची खटपट अखेरपर्यंत करत होते. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताला त्यांनी शेवटी लिहिलं ते असं, की प्याला काठोकाठ भरला आहे, आता थेंबही मावणार नाही. काही होण्याजोगं असेल तर करा, नाहीतर साफ कळवा. उपाशी छावणीतून हा निरोप निघाला होता. तह होऊ नये म्हणून अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार नजीबखान अडून बसला होता.

राहिला हत्ती. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडल्यावर भाऊ घोड्यावर बसून गर्दीत शिरले आणि अंबारी रिकामी पाहून फौज बिथरली, हे खरं. पण तोवर अब्दालीने ताज्या दमाची राखीव फौज मैदानात उतरवली होती, उंटांवरच्या जंबुरक्यांचा, म्हणजे छोट्या तोफांचा, मारा सुरू होता, आणि भाऊंकडे पुढे घालायला एकही राखीव पथक उरलं नव्हतं.